बारावं कार्ड

मोरेश्वर दवाखान्यातून ट्रेनने न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावी परतले, तेव्हा टौरंगा शहराहून आलेलं जुनं पोस्टकार्ड स्वयंपाकघरात एका ताटलीत, कोमट पाण्यात पडलं होतं.

"अहो, तिकीट बघा कसं अलगद सुटलं!" सुलभा म्हणाली. "तुमचे हात हल्ली थरथरतात. म्हटलं, आपणच करून ठेवावं."

ते कोट न काढताच ताटलीसमोर बसले.

चूक तिची नव्हती. सुरुवातीला ते नुसती टपालाची तिकिटं जमवायचे. पाकिटाचा कोपरा कापायचा, भिजवायचा, सुटलेलं तिकीट वर्तमानपत्रावर वाळत घालायचं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. पुढे नाद बदलला. कधीच्या बंद पडलेल्या एका वर्गणीच्या वाचनालयाने सभासदांना 'पुस्तक परत करा' म्हणून धाडलेली कार्डं ते शोधू लागले. त्यांना स्वतःला अक्षरओळख झाली ती चाळिशीत. पुस्तक परत करायला उशीर होणं ही त्यांना केवढी तरी चैन वाटायची. या कार्डांवर तिकीट आणि शिक्का जिथल्या तिथे असावा लागतो. एवढं मात्र तिला सांगायचं राहून गेलं.

चार वर्षांत अकरा मिळाली होती. हे बारावं, वाचनालयाच्या शेवटच्या वर्षाचं. शनिवारी संग्राहकांच्या प्रदर्शनात बाराही लावायची होती. पूर्ण संचाला पदक मिळेल, अशी आशा होती.

आता शिक्क्याचा अर्धा गोल कार्डावर होता, अर्धा तिकिटावर. साल तिकिटावर गेलं होतं.

"डिंकाने चिकटवा की. काचेमागे कोणाला कळतंय?"

"मला कळेल ना."

"मग अकराच लावा."

"वाचनालय संपलं ते या बाराव्यात आहे गं."

दोन दिवस कार्ड जाड वहीत दाबून वाळवलं. शुक्रवारी सुलभानेच चिमट्याने तिकीट धरलं. गोलाचे दोन अर्धे जुळवायला तिचीच नजर धड होती. मोरेश्वरांनी खाली लावायच्या चिठ्ठीवर सावकाश लिहिलं: 'तिकीट पाण्यात सुटले होते. पुन्हा चिकटवले आहे.'

तिने वाचलं. "म्हणजे पदक गेलं?"

"गेलं."

"कोणी भिजवलं, ते नाही लिहिलंत."

"आधी शिकवणाऱ्याचं नाव लिहावं लागेल."

ती हसली नाही, पण उठली. "चहा टाकते."

"टाक. आणि ती ताटली आधी माझ्या नजरेआड कर."