हापशापर्यंत चालत

मित्रांनो, मी देवणीजवळच्या एका खेड्यातला जुना हापसा आहे. बोअर पाडून मला वेशीजवळच्या लिंबाखाली बसवलं, तेव्हा पन्नासेक वेळा दांडा मारला की घागर भरायची. एकेक बाई दिवसाला आठ-दहा घागरी न्यायची. पुरुष शेताला पायी, बाजाराला पायी. गावातलं मोठं माणूस दिवसभर बसून राहिलेलं मी कधी पाहिलं नाही.

मग घरोघर नळ आले. मी रुसलो नाही हो. सातव्या महिन्यातल्या सुनासुद्धा माझ्या दांड्याला लोंबकळायच्या. त्यांची सुटका झाली, याचा मला आनंदच झाला. पण त्याच सुमारास दारोदार मोटारसायकली आल्या, मळणीला यंत्र आलं, आणि मोठी माणसं चालायचीच थांबली. माझ्याभोवती गवत वाढलं.

या उन्हाळ्यात नर्सबाईंनी लिंबाखाली सगळ्यांचं रक्त तपासलं. चांगुणाबाईंची साखर दोनशे ऐंशी निघाली. त्यांची सून शिवांगी कडेवरच्या लेकराला घट्ट धरून उभी होती. तिच्या सासऱ्यांना याच आजारानं नेलं होतं.

"आत्या, गोळ्या तर घ्यायच्याच, पण रोज अर्धा तास चालायचंबी," ती सासूला म्हणाली.

"कामाबिगर? लोक म्हणतील, म्हातारी येडी झाली."

तरी दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. पण आमच्याकडे ओळखीचं माणूस पायी दिसलं आणि गाडी तशीच पुढे नेली, तर तो अपमान! शेजारच्या व्यंकटनं ब्रेक दाबला. "काकू, बसा की, सोडतो." नाही म्हणवेना. बसल्या. असं चार दिवस चाललं. शिवांगी दारातून पाहत होती. पाचव्या दिवशी तिनं सासूच्या हातात रिकामी घागर दिली.

व्यंकट थांबलाच. "काकू, घरात नळ हाय की!"

"नळाच्या पाण्याचा च्या बरा लागत न्हाई मला. हो पुढं."

कितीतरी वर्षांनी माझा दांडा हलला. आधी नुसता वारा आला, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. संध्याकाळी शिवांगीनं येऊन साखळीला तेल घातलं. आठवड्यानं केवळाबाई आल्या, त्यांच्यामागून आणखी चौघी. "तुमचाबी नळ बिघडला का गं?" म्हणून एकमेकींना चिडवायच्या आणि दांड्यावर वाकून हसायच्या.

श्रावणात पुन्हा तपासणी झाली. एकशे पंचावन्न. शिवांगीनं आकडा दोनदा विचारला, मग ओढणीनं डोळे पुसले.

दुसऱ्या सकाळी चांगुणाबाई मोकळ्या हातांनी आल्या.

"काकू, घागर विसरलात!" व्यंकट ओरडला.

"विसरले न्हाई. चालायला निघाले."

माझ्या दांड्यावर क्षणभर हात ठेवून त्या माघारी वळल्या. त्या दिवशी त्यांनी थेंबभर पाणी नेलं नाही, पण एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी या गावाचा ऋणी आहे.

तेव्हा मित्रांनो, घरातलं मोठं माणूस पायी निघालं, तर गाडी थांबवून "बसा" म्हणू नका. गाडी बाजूला लावा आणि सोबत चार पावलं चला.