आवाज न करणारा पुडा

साहेबांची अट एकच होती: पुडा कागदाचा पाहिजे, पण उघडताना त्याचा आवाज होता कामा नये.

"बायकांना संकोच वाटतो," ते म्हणाले.

"कुठल्या बायकांना विचारलंत?" कात्रीने विचारलं.

साहेबांनी आपल्या धाकट्या भावाला विचारलं होतं.

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. खोकी-पाकिटं बनवणाऱ्या त्या कारखान्यात अकरा वर्षं नमुने कापून कापून ते तिला चिकटलं होतं, आणि जिभेनेही थोडा हातभार लावला होता. आजवर तिने चपलांची खोकी केली. ऊर फुटेस्तोवर केली. सॅनिटरी पॅडचा हा पुडा म्हणजे डोकं लावायचं पहिलंच काम. प्लास्टिक सोडून कागदाकडे वळू पाहणाऱ्या पॅड-कंपनीच्या खरेदीदार बाईंना तो पसंत पडला, तर नवा विभाग सुरू होणार आणि तो कात्री सांभाळणार. नाही पडला, तर परत चपला.

आणि ऑफिसात त्या विषयाची काय ती तऱ्हा! सगळे त्याला 'वस्तू' म्हणत. टेबलावर खरी पॅड ठेवायला बंदी. "लोक येतात-जातात," साहेब म्हणाले. म्हणून नमुन्याच्या पुड्यात हात पुसायचे छोटे नॅपकिन घड्या घालून भरायचे. टायपिस्टबाई तर महिन्यातले चार दिवस जाडजूड फाइल छातीशी धरून बाथरूमला जायच्या, आणि साहेब कौतुकाने म्हणायचे, "बघा, याला म्हणतात कामाची निष्ठा!"

चार महिने डोकं खाजवून कात्रीने एक मऊ कागद शोधला. दुमडा, चुरगाळा, फाडा, हूं नाही की चूं नाही. कमरेइतक्या उंचीवरून पुडा खाली टाकायची चाचणी असते, ती तो बारा वेळा पास झाला. साहेब खूष.

खरेदीदार बाईंना पुडा दाखवायच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तिने तो घरी नेला. सासूबाईंनी उलटापालटा करून पाहिला.

"आत काय भरलंयस ग?"

"नॅपकिन."

"अगं, कपाटात तुझी खरी पडलीयेत ना!"

कात्रीने पॅड दाबून भरली आणि पुडा टेबलावरून खाली ढकलला. आपटला तसा तो पोटातून उलला. नॅपकिन बिचारे निमूट पडून राहतात, दाबून भरलेली पॅड फुगायला बघतात. एवढी साधी गोष्ट चार महिन्यांत कोणाच्या डोक्यात आली नव्हती, तिच्यासुद्धा. स्वतःचीच इतकी लाज वाटली की तिचे कान तापले.

"जाड कागद घे की मग," सासूबाई म्हणाल्या.

"जाड कागद वाजतो, आई."

"वाजू दे. बाथरूममध्ये बाई असते, चोर नाही."

कात्रीने घरातला जाड तपकिरी कागद काढला आणि जेवायच्या आधी नवा पुडा चिकटवून टाकला.

सकाळी साहेबांनी त्याचा कोपरा फाडून पाहिला आणि आधी केबिनचं दार लावलं. "हा बाहेर काढायचा नाही. मऊच दाखवायचा."

"तो फाटेल, साहेब."

"नॅपकिन भर, नाही फाटत."

पण खरेदीदार बाई आपला माल बरोबर घेऊनच आल्या. "नॅपकिन मी विकत नाही," म्हणाल्या, आणि मऊ पुड्यात त्यांनी स्वतः आठ पॅड भरली. पुडा खाली टाकला. तो फुटला, पॅड टेबलाखाली उधळली आणि एक थेट साहेबांच्या बुटावर जाऊन बसलं. खोलीत उंदीर शिरावा तसे साहेबांसकट बैठकीतले पाच पुरुष पाय वर घेऊन बसले. उचलायला एक जण वाकेल तर शपथ!

"मग प्लास्टिकच बरं," बाई पर्स आवरत म्हणाल्या.

कात्रीने साहेबांकडे बघितलंच नाही. पिशवीतला तपकिरी पुडा काढला, बाईंच्या मालातली दुसरी आठ पॅड त्यात भरली आणि वरचा कोपरा नीट चिकटवला. एकदा टाकला. दोनदा टाकला. तिसऱ्यांदा खुर्चीवर चढून टाकला. पुड्याला काही म्हणता काही झालं नाही.

"उघडून दाखवा," बाई म्हणाल्या.

चर्रर्रर्र!

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "माफ करा हं, आवाज जरा..."

कोपऱ्यात बैठकीची टिपणं घेणाऱ्या टायपिस्टबाई उठून उभ्या राहिल्या. "उघडलाच आहे तर एक इकडे द्या बाई. केव्हाची खोळंबलेय."

खरेदीदार बाईंना हसू आवरेना. "हाच करा," त्या कात्रीला म्हणाल्या, "आवाजासकट."

टायपिस्टबाई पॅड हातात घेऊन, पाची पुरुषांच्या देखत, टेबलाला वळसा घालून दाराकडे निघाल्या.

"बाई, फाइल राहिली तुमची," साहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"राहू द्या साहेब," कात्री म्हणाली. "आता नाही लागायची."