पीटरची तब्येत

"आजून लाव थोडा. फोटूत बघ, चांगला तळव्याएवढा ठिपका हाय," म्हणत बंकट क्लार्काने भिंतीवरची तसबीर उतरवून वळूच्या थोबाडाशी धरली.

त्रिंबकने चुन्यात बोटं बुडवली आणि त्या काळ्याभोर कपाळावर आणखी एक हात फिरवला. जनावर मान झटकत होतं.

"बंकटराव, हे बरं न्हाई. मेल्याल्या जनावराचं सोंग आनायचं म्हंजी..."

"तू तुझं काम कर बे. बरं-वाईट बघायला चेअरमनसाहेब हायेत."

तसबिरीतलं जनावर म्हणजे पीटर. नऊ वर्षांपूर्वी एका थंड मुलखाच्या सरकारने आपल्या देशाशी दोस्ती केली आणि दोस्तीखातर पाच वळू पाठवले. त्यातला एक केज तालुक्यातल्या या दूध संघाच्या वाट्याला आला. हत्तीएवढा, काळापांढरा, कपाळावर पांढरा ठिपका. त्रिंबक तेव्हा बायकोबरोबर ऊसतोडीला जायचा. त्याने कोयता टाकला आणि पीटरच्या गोठ्यात रोजंदारी धरली. पीटर मोठा नखरेल. त्रिंबकच्या हातची वैरण असेल तर तोंड लावणार, नाही तर उपाशी उभा राहणार. आसपासच्या पन्नास गावांत त्याची वासरं होती.

असा पीटर या वैशाखात मेला. मेला म्हणजे मारला. गोठ्याचा टँकर सलग चार दिवस चेअरमन सुंदररावांच्या मोसंबीला गेला. "बाग जळली तर पुन्यांदा उभी ऱ्हाती का? बैल काय, काढंल दोन दिस," असं म्हणून हे गृहस्थ पंख्याखाली झोपले. पाचव्या दिवशी पीटरने मान टाकली. त्रिंबकने दिवस उगवायच्या आत त्याला पुरलं, आणि तोंड उघडलंस तर याद राख, अशी तंबीही ऐकली. वर कळवलं असतं तर तिकडून येणारी मदत थांबली असती, आणि सुंदररावांना दिवाळीनंतर त्या मुलखाच्या दौऱ्यावर जायचं होतं. थंडीचा कोटसुद्धा शिवून झाला होता. मग काय, चार महिने पीटर कागदावर चरत होता. कुणी गाय घेऊन आलं की "त्याला औषध चालू हाय" असं सांगून बंकट गेटवरूनच परत लावायचा.

आणि अचानक कळलं, त्या मुलखाचे पंतप्रधान येणार. दोन्ही देशांचे संबंध दृढ करायला दिल्लीत येणार आणि मैत्रीचा वळू बघायला थेट बीड जिल्ह्यात! संघाची गाळण उडाली. शेवटी कोसभरावरच्या बद्रीनाथ नावाच्या शेतकऱ्याचा वळू उचलून आणला. पीटरचाच मुलगा, बापासारखा थोराड. फक्त कपाळ कोरं.

सुंदररावांनी त्रिंबकला केबिनमध्ये बोलावून टाइप केलेला कागद दाखवला. "हे बघ, तुझी कायम केल्याची ऑर्डर. सही झाल्याली हाय. पाव्हण्यानं काय इचारलं तर पीटर बेस हाय म्हनायचं. तेवढं झालं की घेऊन जा."

घरी बायकोला, वत्सलाबाईला त्याने हे सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली. "एक शब्द खोटं बोललं तर काय जीभ झडती व्हय? दसरा झाला की ऊसतोडीचा मुकादम दारात येईल. तुमचे गुडघे हे असे, माझी कंबर ही अशी. कोयता उचलवंल का?"

ती चूक बोलत नव्हती.

पावसाळा कोरडाच चालला होता. पाहुणे यायच्या दिवशी सकाळपासून तीन टँकर रस्त्यावर पाणी शिंपत होते. साहेबांच्या गाडीवर धूळ उडू नये म्हणून! कडेला बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या आणि पोलीस त्यांना काठीने मागे सारत होते. अरे, लाज कशाशी खातात? कुणाच्याही कपाळावर आठी नव्हती. मंडपात दोन देशांचे झेंडे होते, गोठ्यात कलेक्टर कचेरीतून आणलेला कूलर होता आणि वळूच्या पाठीवर जरीची झूल होती.

पंतप्रधान साठीचे, उंच, उन्हाने लालबुंद झालेले. स्वतः शेतकऱ्याघरचे आहेत, असं दुभाष्याने सांगितलं. ते खरंच असावं, कारण ते फोटोवाल्यांना सोडून सरळ वळूपाशी आले. आधी हळूच हाक दिली, शेपटीच्या मुळाशी खाजवलं, मानेवरून हात फिरवला. मग तो हात कपाळावर गेला.

हात खाली आला तेव्हा तळवा पांढरा झाला होता.

त्यांनी तळव्याकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं आणि मग त्रिंबककडे. कळलं होतं त्यांना. सुंदररावांच्या मानेवरून घामाचा ओघळ गेला. त्रिंबकला मात्र आतून हलकं वाटलं. विचार बाबा, हा कोण म्हणून विचार, मी सगळं ओकतो, नोकरी गेली खड्ड्यात, असं तो मनात म्हणत होता.

पंतप्रधान काहीतरी हळू बोलले. दुभाष्या म्हणाला, "साहेब विचारतात, पीटरची तब्येत कशी आहे?"

सुंदररावांचा हात ऑर्डर ठेवलेल्या खिशावर गेला. त्रिंबकला वत्सलाबाईची कंबर आठवली.

"बेस हाय, सायेब," तो म्हणाला.

पंतप्रधानांनी मान डोलावली. रुमाल काढून तळवा नीट पुसला, रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि ते व्यासपीठावर गेले. आमचा पीटर तुमच्या मातीत रमला, तशीच आपली मैत्री इथे रुजली आहे, त्याची प्रकृती पाहून मला अतिशय आनंद झाला, असं त्यांनी भाषणात सांगितलं. टाळ्यांनी मंडप दणाणला. सुंदररावांनी त्यांना फेटा बांधला.

त्रिंबकला वाटलं, इथेच ओकावं. सुंदरराव खोटं बोलतात ते काय नवं होतं? ते तर त्यांचं रोजचं जेवण. पण हा माणूस सात समुद्र ओलांडून आला, याच्या हाताला चुना लागला, आणि तोही यांच्यातलाच निघाला. शी! कुणाच्या तोंडावर थुंकायचं? आणि सगळ्यांत घाण वाटत होती ती स्वतःची. बेस हाय, म्हणे.

गाड्या गेल्या. कूलर गेला, झूल गेली, टँकर गेले. वळूला बद्रीनाथ घेऊन गेला. सुंदररावांनी ऑर्डर त्रिंबकच्या हातात दिली आणि खो खो हसले. "पीटर कायम तर तू कायम! रोज वहीत लिहायचं, पीटर, प्रकृती उत्तम. तू रिटायर होईपतोर त्याला मरू द्यायचं न्हाई, काय?"

त्रिंबकने दोन दिवस तसं लिहिलं. वत्सलाबाईने शेजारी गूळ वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळीच गेटवर एक म्हातारी बाई गाय घेऊन उभी. छबुबाई, चार कोसांवरून पहाटे निघालेली. गाय हडकलेली, पण माजावर आलेली.

"रेडिओवर सांगितलं म्हनं, परमुलखाचा राजा पीटरला भेटून गेला," ती त्रिंबकला म्हणाली. "मंग म्हनलं, आता औशीद सरलं आसंल. गोठ्यात ही एकलीच ऱ्हायलीय, बाबा. आजचा दिस चुकला की गेलं. दाखव एवढं."

"आज बंद हाय, म्हातारे!" बंकट आतून ओरडला. "त्रिंबक, सांग तिला, पीटरला आराम दिलाय."

त्रिंबक गायीकडे बघत राहिला. जनावराच्या धन्याशी तो नऊ वर्षांत कधी खोटं बोलला नव्हता.

"पीटर मेला, मावशी," तो म्हणाला. "वैशाखातच मेला."

बंकट धावत बाहेर आला. "खुळा झालास का बे? ही गावभर करंल! ऑर्डर काढून घेत्याल!"

"घेऊ द्या," त्रिंबक म्हणाला. आत जाऊन त्याने खिशातला कागद बंकटच्या टेबलावर ठेवला. वहीतल्या आजच्या रकान्यात 'मयत' लिहिलं आणि पायताण घालून बाहेर आला. "चला मावशी. त्याचं पोरगं हाय बद्रीनाथकडं, कोसभर चालायचं. मी सांगतो त्याला. दुपारच्या आत हुईल."

बंकट मागून ओरडत राहिला. त्रिंबकने गायीचं दावं हातात घेतलं. वत्सलाबाईला हे संध्याकाळी सांगावं लागणार होतं.

ओढा ओलांडताना छबुबाईने लुगड्याचा काठ वर खोचला. मग घरातलं माणूस गेल्यासारखा तिने पदर डोळ्यांना लावला. "जाताना मुक्या जीवाच्या तोंडात पानी तरी पडलं व्हतं का रं?"

"पान्यालाच गेलतो, मावशी," त्रिंबक म्हणाला. "युसूफ वडगावला. सायकलीला दोन डबे बांधून."

"मंग?"

तो चालत राहिला. गायही त्याच्या बरोबरीने चालत होती.

"न्हाई पडलं," तो म्हणाला.