पंख्याखालची जागा

वादळबाईंचं खरं नाव कचेरीत कुणी घेत नसे, आणि बाईंनाही आता ते परक्यासारखं वाटे. ढगातून वारा सरळ खाली कोसळला की घरांचं काय होतं, हे तपासणाऱ्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या. त्यासाठी छताला जमिनीकडे तोंड करून टांगलेला अजस्र पंखा होता आणि खाली मांडलेली लाकडी घरं. आज मात्र प्रयोगशाळेच्याच जिवावर बेतलं होतं. नवे संचालक पाहणीला येणार होते आणि त्यांना त्या जागी वाहनतळ हवा होता. बाईंच्या आयुष्यभराच्या कामावर आता गाड्या उभ्या राहणार होत्या.

संचालक आले ते नाक मुरडतच. "एवढ्याशा वाऱ्याला एवढी जागा?"

"सर, तुम्ही बरोबर पंख्याखाली उभे राहा. वारा जमिनीवर आपटून चहूकडे पळतो. मधोमध फारसा लागत नाही, दाराशी मात्र सगळ्यात जोरात असतो."

"मी दूधखुळा वाटलो का तुम्हाला? तुमचे हे उभे राहतील तिथे."

बाईंचे 'हे' त्याच कचेरीत हिशेबनीस होते आणि संचालकांबरोबरच पाहणीला आले होते. ते मुकाट्याने पंख्याखाली गेले. लग्नापासून वादळाखाली उभं राहायची सवय आहे, असं तेच सगळ्यांना सांगत. संचालक दाराशी जाऊन चौकट धरून उभे राहिले.

"सर, दाराशी नको हो!" बाई कळवळल्या.

"चालू करा!"

बाईंनी कळ दाबली. नवऱ्याची कॉलर तेवढी हलली. लाकडी घरांची छपरं उडून दाराकडे गेली आणि त्यांच्यामागोमाग संचालकांचे दाट, काळेभोर केस व्हरांड्यात गेले. सगळेच्या सगळे.

बाईंनी पंखा बंद केला, धावत जाऊन टोप आणला, झटकला आणि मान वळवून पुढे केला. हसू आवरत नव्हतं आणि रडूही येत होतं. आता सगळं संपलं, असंच त्यांना वाटलं.

"हे बाहेर कुठे..." संचालक पुटपुटले.

"काय सर? मी कुठे काय पाहिलं?"

पुढच्या आठवड्यात आदेश आला. वाऱ्याचा जोर समाधानकारक, प्रयोगशाळा कायम. बाईंचा जीव भांड्यात पडला. मग नवऱ्याने खालची ओळ वाचली: "सुरक्षेसाठी प्रयोगाच्या वेळी सर्वांनी पंख्यापासून दूर, दाराशीच बसावे. विभागप्रमुखांनी तर अवश्य."

बाईंनी अंबाड्याला आणखी आकडे खोचले आणि खुर्ची दाराशी ओढली.