सेनेगलवाल्यांकडचा शुक्रवार

माझा शारीक एसी दुरुस्त करतो. पण वरच्या मजल्यावरच्या सेनेगलवाल्यांचा एसी महिन्यात चार वेळा बिघडतो, हे मला पटेना. जेद्द्यात वीस वर्षं काढली, असला नाजूक एसी पाहिला नाही. त्यात दापोलीच्या गफूरभाईंना मी शब्द देऊन बसलेली, त्यांची सुरैया आमची सून म्हणून. लग्नाची तारीख विचारली की हा पाना-पक्कड उचलून जिना चढतो.

त्या शुक्रवारी जुम्याची नमाज झाली, जेवणं झाली, आणि हा निघाला.

"अम्मी, वर्ल्ड कपची पहिली मॅच आहे. सेनेगल आणि फ्रान्स."

"तुला कधीपासून फुटबॉल? कॅरमची सोंगटी तरी धड मारता येते का?"

"फ्रान्सने त्यांच्यावर राज्य केलंय. आज इब्राहिमाकडे सगळे जमणार."

"मग मीपण येते. आपल्यावर इंग्रजांनी काय कमी केलं?"

त्याचं तोंड उतरलं. म्हटलं, आहे काहीतरी.

दारात मर्दांच्या चपलांचा ढीग. बाजूला बायकांच्या दोन जोड्या. एक म्हातारीची, टाचा झिजलेली. दुसरी मण्यांची.

मर्द बैठकीत टीव्हीपुढे. मला इब्राहिमाच्या आईने, हाजा फातूने, आतल्या खोलीत दाराशी चटईवर बसवलं. पडदा अर्धा उघडा, बैठक सगळी दिसत होती. दोघींत मिळून अरबी शब्द पाच-सहा. तिने बोटभर प्याल्यात फेसाचा चहा दिला, जहरासारखा कडू. आधी तिला पिऊ दिला, मग मी प्यायले.

पण ही बाई टीव्ही बघेचना. माझ्या शारीकवर डोळे रोवून बसलेली. माझं डोकंच फिरलं. माझ्या मुलावर संशय? पाच वक्तांचा नमाजी पोरगा! ठणकावून म्हटलं, "हाजा, वलद तय्यिब." मुलगा चांगला आहे.

"तय्यिब," ती म्हणाली. नजर तिथेच.

तेवढ्यात सेनेगलने गोल केला. इमारत हादरली. टीव्हीत खेळाडूने सदरा काढून मैदानाच्या कोपऱ्यात टाकला, सोबती त्याच्याभोवती नाचू लागले. इकडे इब्राहिमानेही सदरा फरशीवर फेकला आणि ते दाढीवाले बाप्ये फेर धरून नाचायला लागले. मी तोबा म्हटलं.

एकटा शारीक जागचा हलला नाही. टीव्हीकडे पाठ. नजर आमच्या पडद्यावर.

मी मागे वळले. हाजाची लेक माझ्या पाठीशी उभी. तिच्या मुलखाने फ्रान्सवर गोल केला, पण पोरगी टाळी वाजवायची विसरलेली.

हाजाने माझ्याकडे पाहिलं. मी हाजाकडे.

"खलास," ती म्हणाली.

"खलास," मी म्हटलं. म्हणजे झालं, ठरलं.

घरी येऊन दापोलीला फोन लावला. जन्मात दिलेला शब्द मोडला नव्हता.

"गफूरभाई, सुरैयासाठी दुसरा मुलगा बघा."

"का? शारीकने काय केलं?"

"गोल झाला तेव्हा टीव्हीकडे पाठ करून उभा होता."

"बस? एवढ्यावरून शब्द फिरवता?"

"तुम्ही तिथे नव्हतात, गफूरभाई," म्हटलं, आणि फोन ठेवला.