आवरणाऱ्या पेशी

ऋषी पाच महिन्यांचा झाला तरी त्याचं वजन जन्मवेळेपेक्षा फारसं वाढलं नव्हतं. जुलाब थांबत नव्हते, अंगावरची कातडी सोलून निघत होती, आणि आता रक्तातली साखरही भडकली होती. नम्रताने दुधं बदलून पाहिली, सदाशिव पेठेतल्या वैद्यांचे काढे स्वतः प्यायली, अंगारा लावला. शेवटी कोथरूडच्या एका हॉस्पिटलात त्याला दाखल करावं लागलं. सुदर्शन हिंजवडीच्या कंपनीतून सुटला की तिथेच येई आणि इंटरनेटवर वाचलेले नवनवे आजार बायकोला सांगत बसे. तिने एकदा त्याला हात जोडले, तेव्हा तो गप्प झाला.

परदेशी पाठवलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला, तशी डॉक्टरबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. त्यांनी समजावून सांगितलं, की रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवरणाऱ्याही असतात. कुठल्या पेशीने आवरायचं काम करायचं, हे एक प्रथिन ठरवतं. ते पेशीतली काही जनुकं चालू करतं, काही बंद ठेवतं. ऋषीचं ते प्रथिन बनवणारं जनुकच बिघडलेलं होतं. आवरणारं कुणी नसल्याने लढणाऱ्या पेशी त्याच्याच आतड्यांवर, कातडीवर, इन्सुलिन तयार करणाऱ्या ग्रंथीवर तुटून पडल्या होत्या.

“हे आलं कुठून?” नम्रताने विचारलं.

डॉक्टरबाईंना आडवळणाने बोलायची सवय नव्हती. “तुमच्याकडून. बायकांकडे या जनुकाची दुसरी, चांगली प्रत असते, म्हणून तुम्हाला त्रास नाही. मुलग्यांकडे एकच असते. यात तुमची काही चूक नाही.”

शेवटचं वाक्य नम्रताच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

उपाय एकच होता, दुसऱ्या कुणाची तरी अस्थिमज्जा, म्हणजे या पेशी तयार करणारा हाडांतला मगज, ऋषीला देणं. त्याच्या मोठ्या बहिणीचं, पहिलीत शिकणाऱ्या तेजस्विनीचं, रक्त जुळतं का ते पाहायला दिलं. तिला सांभाळायला नम्रताची आई, कौशल्या, पुसदहून आली. नम्रताच्या आधी कौशल्याचे दोन मुलगे पाळण्यातच जुलाबांनी गेले होते. ही पोरं खाणारी बाई, असं गाव म्हणे. कुणाच्या बारशाला तिला बोलावणं नसे. आता तरी आईच्या मनावरचं ओझं उतरेल, म्हणून नम्रताने हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तिला सगळं सांगितलं, ते दोघे मुलगेही याच आजाराने गेले असणार हेही.

कौशल्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मंग लोक खोटं नव्हते बोलत, बाई. माह्याच्यातूनच गेलं ना ते?”

 दोघी तशाच बसून राहिल्या. येणारे-जाणारे अंग चोरून जात होते.

तेजस्विनीचं रक्त जुळलं. तिच्यातही तो दोष उतरला होता, पण चांगली प्रतही असल्याने तिची मज्जा चालणार होती. “दुखेल का?” तिने विचारलं. आईने खरं ते सांगितलं, दुखेल. पोरीने मान डोलावली आणि बाहुली बरोबर नेता येईल का, एवढंच विचारलं.

आधी औषधांनी ऋषीची स्वतःची मज्जा जाळून टाकली, मग बहिणीची चढवली. त्यानंतर त्याच्या तोंडात फोड आले, ताप उतरेना, रडायला आवाजही उरला नाही. काचेपलीकडून ते बघून नम्रताचा धीर सुटला. डॉक्टरबाईंना गाठून ती म्हणाली, “पुरे करा. सोडवा त्याला यातून. आम्ही घरी नेतो.”

“आता परत फिरता येत नाही,” त्या म्हणाल्या. “त्याचं जुनं काही उरलेलंच नाही.”

सुदर्शनने तिला धरून बाकावर बसवलं. 

कितीतरी आठवड्यांनी रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. जुलाब थांबले, कातडी सोलायची थांबली. इन्सुलिनची ग्रंथी मात्र केव्हाच संपून गेली होती. इन्सुलिनची सुई त्याला जन्मभर लागणार होती. घरी आल्यावर कौशल्याने सुई द्यायला शिकून घेतलं. पहिल्या वेळी ऋषी किंचाळला, तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडली.

तेजस्विनी मोठी झाली की तिला तिच्यातल्या दोषाबद्दल सांगावं लागेल, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. अजून पुष्कळ अवकाश आहे, सुदर्शन म्हणाला. कौशल्याने तर, पोरीले हे कधीच सांगू नका, म्हणून लेकीचे पाय धरले. नम्रताने आईला उठवून उभं केलं. सांगायचं तर होतंच, फक्त ते कुठल्या शब्दांत सांगावं, हे तिला अजून सुचत नव्हतं.