तीन नंबरच्या टाकीची दुसरी बाटली

मंगळवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. विमानतळामागचं इंधनाचं आवार, तीन नंबरची टाकी. तिथे मला भरलं गेलं.

मी नमुन्याची बाटली बोलतेय. तपकिरी काच, पोटात एक लिटर. आम्हांला जोडीनं भरतात. एक तपासायला, दुसरी सील करून कपाटात ठेवायला, पुढेमागे वाद झालाच तर उघडता यावी म्हणून. मी ती दुसरी.

याआधी मी पाच वेळा शेजारच्या छोट्या कारखान्यात भरले होते. तिथलं यंत्र हवेतला कार्बन पकडतं, विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढतं आणि दोघांचं लग्न लावून विमानाचं इंधन बनवतं. जमिनीतून थेंबभरही तेल उपसावं लागत नाही. पाण्यासारखं नितळ इंधन, वास जवळजवळ नाहीच. या यंत्राचं बाळंतपण मिस्त्रीकाकांनी केलं. पण ते दिवसाला जास्तीत जास्त चाळीस लिटर देई, तेही मनात आलं तर. निघेल ते सगळं तीन नंबरच्या टाकीत साठवायचं, दुसरं काही त्यात ओतायचं नाही, असा नियम.

मोठ्या साहेबांना ते पुरेना. शंभरपट मोठ्या कारखान्याला मंजुरी हवी होती आणि त्यासाठी आधी याच इंधनावर विमान उडवून दाखवायचं होतं. बुधवारचा मुहूर्त ठरला. पाहुणे, कॅमेरे, हार, सगळं आलं.

तर मंगळवारी तपासनीस बाईंनी टाकीचा नळ सोडला, आमची जोडी भरली आणि नाक मुरडलं.

"काका, जरा वास घ्या."

मिस्त्रीकाकांनी घेतला. "हे तर सरळ सरळ रॉकेल! आपल्या पोराला वास नसतो हो बाई. हे कुणाचं पोर आणून आपल्या पाळण्यात घातलंय?"

बाई हसल्या नाहीत. रोजच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांनी माझ्या झाकणावर पट्टी चिकटवली, दोघांनी सह्या केल्या आणि मी कपाटात गेले. दुपारी पहिल्या बाटलीत गंधक सापडलं. आमच्या इंधनात ते नसतं. साहेब धावतच प्रयोगशाळेत आले.

"बाई, 'योग्य' लिहून टाका."

"लिहिते. कारखान्यात बनवलेलं म्हणून लिहू, की बाहेरून आणलेलं म्हणून?"

"अहो, पुढच्या वर्षी खरंच एवढं बनवणार आहोत की आपण!"

"मग विमानही पुढच्या वर्षी उडवा."

साहेबांनी पहिली बाटली उचलली आणि स्वतःच्या हातानं बेसिनमध्ये रिकामी केली. पुरावा संपला, असं त्यांना वाटलं. बाटल्या जोडीनं भरतात, हे इतकी वर्षं खुर्चीत बसून त्यांना ठाऊकच नव्हतं!

अहवालावर दुसऱ्याच कुणाची तरी सही आली. बुधवारी विमान उडालं. टाळ्या वाजल्या, मंजुरी मिळाली आणि बाईंची बदली गेटवर झाली, पास लिहायला. मिस्त्रीकाका अधूनमधून येऊन माझ्यावरची धूळ पुसतात. "टिकून राहा गं," म्हणतात.

माझा राग इंधनावर नाही. ते खरं आहे, म्हणून तर राग! वेळ दिला असता तर चाळीसाचे चारशे झाले असते, चारशेचे चार हजार. आता हे बिंग फुटेल तेव्हा लोक त्या खऱ्या चाळीस लिटरांनाही थोतांड म्हणतील. ज्यांनी ते घाम गाळून काढले, त्यांनी कुणाला तोंड दाखवायचं?

कपाटाच्या दारावर यादी लागलीय: मुदत संपलेल्या बाटल्या शुक्रवारी ओतून टाकायच्या. यादीत मी चौथी. लावा हात! पट्टी फाटल्याशिवाय माझं झाकण निघणार नाही आणि पट्टीवरच्या दोन्ही सह्या अजून ठसठशीत आहेत. मी दया मागत नाही. ओतायचंच असेल तर चार माणसांसमोर ओता आणि आधी प्रत्येकाला वास घेऊ द्या.

यंत्र सुरू झाल्यापासून त्या मंगळवारपर्यंत नव्वद दिवस झाले होते. रोजचे पुरते चाळीस धरले, तरी छत्तीसशे लिटर.

त्या सकाळी टाकीत नऊ हजार लिटर होतं.